पॉइंटांवर मालवण: कुटुंबप्रमुखांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी जवळ असाव्यात: एक कोरा कागद, एक पेन, मागच्या वर्षभराची बँकेची स्टेटमेंटं आणि घरातलं हिशोबाला पक्कं माणूस. हे माणूस म्हणजे बहुतेक घरांत बायको असते आणि तिला या मार्गदर्शिकेची गरज नसते. तिनं उत्तर केव्हाच देऊन ठेवलेलं असतं. ते उत्तर मान्य करण्याआधी पुरुषांनी किती लांबचा वळसा घ्यावा, एवढंच इथे सांगितलं आहे.

प्रश्न असा की रिवॉर्ड पॉइंट देणारं क्रेडिट कार्ड घेतलं, तर वर्षाकाठी होणाऱ्या कौटुंबिक सहलीचे पैसे वाचतात का? हा प्रश्न सहसा मॉलमध्ये, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी, टाय लावलेल्या एका मुलानं गाठल्यावर पडतो. त्याच्या शेजारी एक निळी ट्रॉली बॅग उभी असते. कार्डाबरोबर फुकट. अशा वेळी निर्णय घेऊ नये आणि बॅगेकडे पाहूही नये. मुलाशी मात्र नीट बोलावं. त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं आणि तो सकाळपासून उभा असतो.

घरी येऊन कागदावर महिन्याचा सगळा खर्च मांडावा. त्यातून आधी कार्डानं भरताच न येणारा खर्च काटावा: कामवाल्या मावशी, दूध, पेपर, भाजी, रिक्षा, इस्त्रीवाला. मग जो कार्डानं भरता येतो पण ज्यावर पॉइंट मिळत नाहीत, तो काटावा. पेट्रोल, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, घरभाडं (त्यावर बऱ्याच बँका उलट एक टक्का आकार लावतात), आणि अनेक कार्डांवर सरकारी भरणासुद्धा. ही यादी ‘अटी व शर्ती’ या मथळ्याखाली असते आणि ती कमी झाल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही. शेवटी उरतो किराणा, मोबाइलचं बिल आणि रात्री अकरानंतर केलेली ऑनलाइन खरेदी.

समजा, असे महिन्याला 15,000 रुपये उरले. वर्षाचे झाले 1,80,000. दर 150 रुपयांना 4 पॉइंट, असं एखादं मध्यम प्रतीचं कार्ड धरू. वर्षाला 4,800 पॉइंट. आकडा भारदस्त आहे, चहाबरोबर मोठ्यानं वाचून दाखवावा. आता एका पॉइंटची किंमत 25 पैसे धरली, तर हाती आले 1,200 रुपये. कार्डाची वार्षिक फी 999, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,179. निव्वळ बचत 21 रुपये. पॉइंट वटवायला 99 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 117 रुपये आकार असेल, तर आपण 96 रुपयांनी खाली आलो. सहल अजून घरातून निघालेली नाही.

इथे अनुभवी वाचक हात वर करून सांगेल की वर्षाला 2,00,000 खर्च केले तर फी माफ होते. बरोबर आहे. त्यासाठी 20,000 कमी पडत असतील, तर कार्डाचं वर्ष संपायच्या आठवड्यात एअर फ्रायर, मुलाचे बूट आणि जावयासाठी घड्याळ घ्यावं. 1,179 रुपये वाचतात. मुलगी अजून नववीत असेल तर घड्याळ जपून ठेवावं.

कागद बाजूला ठेवून आता साक्षीपुराव्याकडे वळू. पॉइंटांवर फुकट गोव्याला जाऊन आलेलं एक माणूस नात्यात असतंच, आणि ते बहुधा बहिणीचे यजमान असतात. त्यांची उलटतपासणी श्रीखंड वाढून झाल्यावर, अदबीनं करावी. ‘भाऊजी, तिकीट पूर्ण पॉइंटांत आलं?’ तर नाही, काही भाग रोख भरावा लागला, शिवाय कन्व्हिनियन्स फी. ‘हॉटेल?’ ते आपलं नेहमीसारखं. ‘इतके पॉइंट जमले कसे?’ इथे भाऊजी जरा घुटमळतात. मग कळतं की ते कंपनीच्या डीलर मीटची हॉटेलं, टॅक्स्या आणि जेवणावळी स्वतःच्या कार्डावर भरतात. पैसे कंपनी परत करते आणि पॉइंट भाऊजींकडे राहतात. हा खरा राजमार्ग आहे. दुसऱ्याचे पैसे तुमच्या कार्डावरून वाहत असतील, तर ही मार्गदर्शिका इथेच मिटावी आणि कार्ड घ्यावं.

एक प्रश्न मात्र शेवटी विचारायचा राहू देऊ नये: ‘गोव्याला जायचं ठरलंच होतं का?’

‘छे. पॉइंट मार्चमध्ये लॅप्स होणार होते.’

सगळी मेख या उत्तरात आहे. एरवी भाऊजी त्या शनिवार-रविवारी घरी बसून मॅच बघणार होते, खर्च एक किलो चिकन. पॉइंटांनी विमानाचे सहा हजार वाचवले आणि त्यांचे बावीस हजार घालवले. बचत मोजताना आपण काय खर्च केला असता हे धरायचं, की बँकेच्या माहितीपत्रकातल्या गुळगुळीत केसांच्या कुटुंबानं काय केला असता हे, एवढं ठरवता आलं तर पुढचं सोपं आहे. माहितीपत्रकातलं ते कुटुंब वर्षातून चार वेळा विमानानं जातं, स्पामध्ये पडून राहतं आणि आजीला बरोबर नेत नाही.

लाउंजचा विषय याच कलमात मोडतो, पण तो थोडा सविस्तर घ्यावा लागेल, कारण घरोघरी वाद लाउंजवरूनच होतात. लाउंज म्हणजे विमानतळावरची अशी जागा, जिथे कार्डावरून दोन रुपये कापून इडली-सांबार, उपमा आणि गार पास्ता हवा तितका खाता येतो. पूर्वी कार्ड असलं की पुरत असे. आता अनेक बँकांनी मागच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली आहे. म्हणजे मे महिन्यात फुकट उपमा खायचा, तर जानेवारी ते मार्च तो कमवावा लागतो. तेवढं करून तुम्ही मुंबईच्या विमानतळावर पहाटे पाचला पोचता. लाउंजबाहेर रांग असते, आणि ती पाहून क्षणभर आपण चुकून दादर स्टेशनात आलो की काय असं वाटतं. वीस मिनिटांनी काउंटरवरची मुलगी गोड हसून सांगते की सवलत फक्त मूळ कार्डधारकाला. बायको, दोन मुलं आणि आई यांचे वेगळे पैसे पडतील.

या प्रसंगी कसं वागावं याचे नियम आहेत. आळीपाळीनं आत जाता येत नाही. कार्ड आणि बोर्डिंग पास यांवरचं नाव एकच लागतं. ‘मी पटकन दोन इडल्या खाऊन येतो’ असं म्हणून एकट्यानं आत जाऊ नये. जे गेले आहेत त्यांना हा विषय पुढे प्रत्येक लग्नकार्यात ऐकावा लागला आहे. नॅपकिनमध्ये सँडविच गुंडाळून बाहेर आणणं हाही उपाय नव्हे. आई तोवर गेटजवळच्या खुर्चीवर स्टीलचा डबा उघडून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कैरीचं लोणचं काढते आणि शेजारच्या अनोळखी बाईंनाही देते. निमूट तिथे जाऊन बसावं. लाउंजच्या ‘बचती’पुढे कागदावर शून्य लिहावं, कारण कार्ड नसतं तरी पुऱ्या होत्याच.

आता प्रत्यक्ष सहल. बहुतेकांची मे महिन्यातली सहल कोकणात जाते, म्हणून आपण मालवण धरू. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठ वाजता. कुडाळपर्यंतच्या गाड्यांना तेव्हा जी झुंबड उडते तिच्यात पॉइंटांचा विचार करणं हा गुन्हा आहे. कार्डाचा ओटीपी येईपर्यंत वेटिंग लिस्ट लागलेली असते. शिवाय आयआरसीटीसी एसी तिकिटाला यूपीआयनं पैसे भरले तर 20 रुपये अधिक कर घेते, कार्डानं भरले तर 30 रुपये अधिक कर. दहा रुपयांचा फरक आहे, पण आपण वर्षाला 21 रुपये वाचवणारी माणसं आहोत.

कुडाळला उतरून रिक्षानं तारकर्ली. तिथे माडांत एक घरगुती होमस्टे, पाठीमागे खाडी. काकी सुरमईची थाळी वाढतात, सोलकढी न मागता दुसऱ्यांदा येते. हिशोबाच्या वेळी तुम्ही कार्ड पुढे करता. काकी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहतात, चांगलं आहे म्हणतात, परत देतात आणि भिंतीवर लिहिलेला नंबर दाखवतात. गुगल पे करा. इथे अभ्यासू वाचकाला आठवेल की रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. येतं, पण त्या कार्डातून पैसे फक्त दुकानदार म्हणून नोंदवलेल्या क्यूआरवर जातात, आणि भिंतीवरचा नंबर काकींच्या पुतण्याचा, खासगी. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, शहाळी, बाजारातलं मालवणी खाजं आणि कोकम, सगळ्यांची तीच कथा. चार दिवसांच्या सहलीत पॉइंट मिळाले ते महामार्गावरच्या एका फूड मॉलमध्ये घेतलेल्या, गरजेपेक्षा महाग अशा कॉफीवर. त्या मॉलमध्ये तुम्ही जाताना उतरलाच नव्हता, कारण रेल्वेनं गेलात. परतीची तिकिटं वेटिंगला राहिली म्हणून गाडी करावी लागली.

गाडीऐवजी एसटी धरली असती तर? या प्रश्नानं सगळ्या रिवॉर्ड कार्डांची मान खाली जाते. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत. वार्षिक फी नाही, तिमाहीची अट नाही, पॉइंट लॅप्स होत नाहीत. आईचं आधार कार्ड पाहून कंडक्टर तिला शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो आणि ‘खिडकीकडे बसा आजी’ म्हणतो. एवढी बचत देणारं दुसरं कार्ड निदान माझ्या पाहण्यात नाही. फक्त मे महिन्यात मागच्या चाकावरची सीट मिळाली तर सवलत कमरेतून वसूल होते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. साध्या कार्डावर परकीय चलनाचं मार्कअप साधारण साडेतीन टक्के, वर जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के, आपले पॉइंट पाऊण टक्क्याच्याही आत. मार्कअप नसलेली कार्डं मिळतात, तीच न्यावीत. बँकॉकच्या दुकानातलं मशीन ‘रुपयांत भरता का?’ असं आपुलकीनं विचारतं, तेव्हा नाही म्हणून बाथ निवडावेत. ती आपुलकी महाग पडते.

आणि एक गोष्ट गंमत बाजूला ठेवून. सहलीचे 60,000 कार्डावर टाकले आणि आल्यावर ‘मिनिमम ड्यू’ भरून उरलेले पुढे ढकलले, तर दरमहा पावणेचार टक्क्यांपर्यंत व्याज लागतं, त्यावर जीएसटी, आणि नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणजे साधारण अडीच हजार एका महिन्याला. वर हिशोब केलेले दोन वर्षांचे पॉइंट संपले. 2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं अशा व्याजाला वर्षाला 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती; डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. पूर्ण बिल दर महिन्याला भरण्याची ऑटो-पे सूचना ज्यानं देऊन ठेवलेली नाही, त्यानं कार्डाच्या वाटेला जाऊ नये. पॉइंटांचा खर्च याच मंडळींच्या व्याजातून बऱ्यापैकी निघतो.

कागद बघून कार्ड परत करायचं ठरलं, तर रीत अशी. थकबाकी शून्य करावी, पॉइंट वटवावेत आणि कार्ड बंद करण्याची लेखी विनंती करावी. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार थकबाकी नसेल तर बँकेनं सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायचं. उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यायचे. हा दर वाचून काहींना बँकेनं उशीर करावा असं वाटू लागतं. तसं होत नाही. दुसऱ्या दिवशीच फोन येतो. पलीकडची व्यक्ती दुखावलेल्या आवाजात कारण विचारते, मग या वर्षीची फी माफ करते, आणि तरीही तुम्ही गप्प राहिलात तर दोन हजार पॉइंट वर देऊ करते. म्हणजे 1,179 आणि 500, मिळून 1,679 रुपये. वर्षभर जपून स्वाइप करून जमले नाहीत ते एका धमकीत मिळाले. तेव्हा कार्ड बंद करण्याची विनंती दरवर्षी फी लागण्याच्या महिनाभर आधी करावी. फोन लांबतो, चहा आधीच करून घ्यावा, आणि दोन हजारांचा आकडा उच्चारला जाईपर्यंत ‘हो’ म्हणू नये.