घरबसल्या अदृश्य व्हा!

साहित्य: एक कंप्युटर, बरे नेट आणि भरपूर धीर.

पायरी पहिली. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा. टोपी-चष्मेवाल्या गृहस्थाचे चित्र दिसले की झाले, तुम्ही अज्ञात. फक्त घरच्यांपुरते. हिस्टरी त्यांना सापडणार नाही, पण ज्या साइटवर गेलात तिला तुमचा आयपी पत्ता पूर्वीसारखाच दिसतो आणि तुम्ही कुठे गेलात ते नेटवाल्याला कळतेच. बरेच लोक इथेच समाधानाने थांबतात. थांबू द्या.

पायरी दुसरी. टॉर ब्राउझर डाउनलोड करा. त्यामागची युक्ती 1990 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत गोल्डश्लाग, रीड आणि सिव्हर्सन या तिघांनी काढली. तुमचा निरोप एकात एक अशा तीन कुलूपबंद आवरणांतून निघतो, वाटेतली तीन मशिन आपापले एकेक आवरण सोलतात. तुम्ही कोण, हे पहिल्याला कळते, पण कुठे निघालात ते नाही. तिसऱ्याला कुठे ते कळते, कोण ते नाही. मधले मशिन आवक-जावकच्या कारकुनासारखे: इकडून आले, तिकडे ढकलले.

आता गोम अशी की हे जाळे फक्त नौदलाने वापरले असते, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच, हे शेंबड्या पोरानेही ओळखले असते. हेरालाही गर्दी लागते. म्हणून 2002 मध्ये टॉरचे जाळे सुरू झाले तेच खुल्या कोडवर, आणि त्यातली मशिन चालवू लागले स्वयंसेवक.

पायरी तिसरी. टॉरमधून आपल्या खऱ्या नावाच्या मेलमध्ये लॉगिन करा. तीन मशिनांना वळसा घालून गेलात आणि दारात स्वतःच नाव सांगितलेत. शाबास!

पायरी चौथी. पासवर्ड उघडाच पाठवा. शेवटचे आवरण तिसऱ्या मशिनवर सुटते. साइटचे स्वतःचे कुलूप नसेल, तर तिथे बसलेल्याला सगळे वाचता येते. 2007 मध्ये स्वीडनच्या डॅन एगरस्टॅड यांनी अशी मशिन चालवून वकिलातींच्या मेलचे पासवर्ड गोळा केले आणि जाहीर करून टाकले. यादीत भारतीय वकिलातीही होत्या.

पायरी पाचवी, खास विद्यार्थ्यांसाठी. डिसेंबर 2013 मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून बॉम्बच्या धमकीचे मेल पाठवले. टॉर वापरले, तात्पुरता मेल वापरला, सगळे नीट. फक्त वायफाय विद्यापीठाचे! मेल टॉरमधून आल्याचे दिसत होते. मग त्या सुमारास आपल्या नेटवर्कवरून टॉरला कोण जोडले गेले होते, एवढेच विद्यापीठाने तपासले. कुणाला एकही कुलूप फोडावे लागले नाही. चौकशीला आलेल्यांसमोर पठ्ठ्याने कबुली दिली.

तेव्हा पायरी सहावी, जी कुणी करत नाही. काहीही लपवायचे नसताना टॉर वापरा. क्रिकेटचा स्कोअर बघा, उकडीच्या मोदकांची कृती शोधा, पंचांग पाहा. पान रेंगाळत उघडेल, साइट तुम्हाला माणूस असल्याचा पुरावा मागेल. चिडू नका, बसा. कुठल्या तरी पत्रकाराला आज लपायला गर्दी हवी आहे. तिच्यात एक डोके तुमचे असू द्या.