हे वाचलंत का?

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत फिरताना तीन माणसांपासून जपून राहावं. एक जमिनीचा दलाल, दुसरा विमा एजंट आणि तिसरे वाचनालयाचे गुरुजी. पहिले दोघे निदान तुमची ऐपत बघून बोलायला लागतात. गुरुजी नुसता चेहरा बघतात. समृद्धी महामार्गाची आखणी झाल्यापासून दलाल गल्लोगल्ली झाले. गुरुजी मात्र अजूनही मोठ्या गावात एखादाच असतो, आणि तेवढा पुरतो.

हे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. पायात चपला, हातात बियाणे कंपनीची फुकट मिळालेली पिशवी, पिशवीत तीन-चार पुस्तकं आणि त्यांवर वर्तमानपत्राची कव्हरं. कव्हर घातल्यामुळे आतलं पुस्तक कुठलं हे गुरुजींशिवाय कुणालाच कळत नाही, आणि गुरुजींना ते तसंच हवं असतं. त्यांचं वाचनालय एका खोलीचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले. गुरुजींचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं. आयुष्यभर ज्यांनी मुलांना तुकड्या वाटल्या, त्यांना म्हातारपणी शासनाने ड तुकडीत बसवलं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. त्यांचा विषय निघाला की गुरुजी एवढंच म्हणतात, “त्यांच्याकडे पुस्तकं आहेत. आपल्याकडे वाचक आहेत.” वाचक कुठे आहेत, हे मात्र विचारायचं नाही.

वाचक पुस्तकाकडे येत नसेल तर पुस्तकाने वाचकाकडे जावं, असं त्यांचं मत. त्याला त्यांनी शास्त्राधारही शोधून ठेवलाय. ग्रंथालयशास्त्राचे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं सांगितली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं हे दुसरं, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हे तिसरं. ही दोन गुरुजींना तोंडपाठ आहेत आणि एसटीत शेजारी कुणी बसला की ते ती म्हणून दाखवतात. वाचकाचा वेळ वाचवा, असं चौथं सूत्र सांगतं. तिथपर्यंत गुरुजी अजून पोचलेले नाहीत.

कुणाला काय द्यायचं याचं त्यांचं एक स्वतःचं भूगोलशास्त्र आहे. शहापूरचं स्टेशन आसनगाव. तिथून मुंबईला जायचं तर दोनेक तास लोकलमध्ये काढायचे. म्हणून शहापूरकर हा जन्मतः कादंबरीचा वाचक. त्यातही पहाटेच्या गाडीने जाणाऱ्याला ऐतिहासिक, कारण तेवढ्या लवकर उठणं हाच पराक्रम. परतीच्या गाडीत रहस्यकथा, म्हणजे डोळा लागून कसारा येत नाही. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेची चर्चा इतकी वर्षं चालू आहे की ती ऐकत मोठी झालेली मुलं आता स्वतःच्या मुलांना ती ऐकवतात. तोवर मुरबाडकराच्या नशिबी रस्ता. खड्ड्यांत अक्षरं हलतात, ओळ सुटते, कुठे होतो ते सापडत नाही. म्हणून मुरबाडला कथासंग्रह. “रेल्वे येऊ दे, मग तुला ‘मृत्युंजय’ देतो,” असं गुरुजींनी ज्याला सांगितलं होतं तो पोरगा कंटाळून डोंबिवलीला राहायला गेला आणि तिथे टीव्ही बघतो.

उन्हाळ्यात याच शास्त्राला एक उपशाखा फुटते. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यात, आणि कसाऱ्याकडच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर. हंडे रांगेला लावून बाया बसलेल्या असतात. दुसरा कुणी हे बघून चिडला असता, निवेदन लिहिलं असतं. निवेदनं गुरुजींनीही लिहिली, तरुणपणी. आता ते तिथे पिशवी घेऊन जातात. टँकर किती उशिरा येईल त्यावर पुस्तकाची जाडी ठरते. एकदा त्यांनी एका सुनेला राम पटवर्धनांनी अनुवाद केलेलं ‘पाडस’ दिलं. चांगलं जाडजूड. आठवड्याने विचारलं तर ती म्हणाली, “चांगलं हाय गुरुजी, पर मधेच टँकर आला.” टँकर वेळेवर आल्याचं वाईट वाटलेला माणूस सबंध तालुक्यात हा एकच.

पण त्यांचा खरा हातखंडा व्यवसायावरून पुस्तक ठरवण्यात. माणूस जे करतो तेच त्याला वाचायला द्यावं, ही त्यांची ठाम समजूत. आणि ती पार चुकीची आहे, हे मी इतकी वर्षं शेजारी राहून बघत आलोय.

भेंडी लावणारा एक शेतकरी वाचनालयात पावतीवर सही घ्यायला आला, तर गुरुजींनी त्याच्या हातात वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ ठेवलं. १९८१ सालचं हे पुस्तक त्यांनी इतक्या शेतकऱ्यांना दिलंय की त्याची ही तिसरी प्रत आहे. भुईमुगापासून कार्व्हरने काय काय केलं, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. शेतकऱ्याने पुस्तक नेलं, वाचलं, परत आणलं.

“कसं वाटलं?”

“मानूस देव होता. पर गुरुजी, भेंडीचा भाव कुठंच नाय लिवला.”

“अरे, त्यातून घ्यायचं काय…”

“घेतलं ना. आता भुताचं हाय का काय?”

आणि तो नारायण धारप घेऊन गेला. रात्री मोटर चालू करायला जो एकटा शेतावर जातो त्याला भूत वाचायचं असतं, हे गुरुजींच्या शास्त्रात बसत नाही. मला विचाराल तर त्याच्याइतका धारपांचा जाणकार वाचक पुण्यातही मिळायचा नाही. भावाचं पोर रात्री ओरडलं तरी तो आता प्रकरण क्रमांक सांगतो.

माळशेज घाटातून गाडी काढणाऱ्या एका ड्रायव्हरला गुरुजींनी मीना प्रभूंची प्रवासवर्णनं दिली. तो हात जोडून म्हणाला, “दिवसभर तेच करतो हो.” त्याने कपाटातून ‘रुचिरा’ काढली. कमलाबाई ओगल्यांचं १९७० सालचं हे पुस्तक वाचनालयातलं सगळ्यांत मळकं. पानापानावर हळदीची बोटं. मुक्कामी गाडी असली की डेपोत स्टोव्हवर आमटी करणारी ती जमात, त्यांना लंडनपेक्षा फोडणी जवळची. तलाठ्याला त्यांनी फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ द्यायचं धाडस केलं. सातबारा मागायला गेलेल्या माणसाने हे पुस्तक बरोबर नेऊ नये, एवढं व्यवहारज्ञान कुणालाही असतं. गुरुजींना नाही. तलाठी शहाणा. त्याने पुस्तक उघडलं, चार ओळी वाचल्या, मिटलं आणि जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ मागून घेतलं. ताऱ्यांवर फेरफार नोंदवायचे नसतात.

सगळ्यांत जास्त हाल पोलीस भरतीच्या पोरांचे. ही पोरं पहाटे सोळाशे मीटर पळतात आणि नऊ वाजता वाचनालयात येऊन बसतात, कारण घरी पंखा नाही आणि इथे आहे. त्यांना हवं असतं सामान्य ज्ञान आणि गणित. गुरुजी त्यावर बाबूराव अर्नाळकरांची झुंजारकथा ठेवतात. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारा माणूस, गुन्हा कसा शोधायचा हे याच्याकडून शिका म्हणतात. पोरं अदबीने विचारतात, “सर, परीक्षेला येतं का?” गुरुजी मग असे काही बघतात की पोरगा झुंजार उघडून बसतो. दहा मिनिटांनी त्याच्या झुंजारमध्ये चालू घडामोडींचं मासिक दिसतं. पूर्वी मुलं पाठ्यपुस्तकात कादंबरी लपवायची. आता कादंबरीत अभ्यास लपवतात, आणि हे ज्यांच्यामुळे झालं ते गुरुजी टेबलाशी बसून मुलांचं वाचन वाढल्याची नोंद करतात.

गर्दी दिसली की गुरुजींना चैन पडत नाही. २ जानेवारीला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या १९४३ सालच्या बलिदानाला वंदन करायला लोक जमतात. तिथे गुरुजी. पौषात म्हशाची यात्रा भरते, घोंगड्या आणि बैल बघायला लोक लांबून येतात. तिथेही गुरुजी. बैलांच्या बाजारात उभं राहून ते सांगतात की बैलाचे दात बघतात तशी पुस्तकाची पहिली तीन पानं बघावीत. एका म्हाताऱ्याने विचारलं, “आन जुंपून दिसलं की कामाचं न्हाय, तर परत घेता का?” गुरुजी म्हणाले, वाचनालय त्यासाठीच असतं. म्हाताऱ्याला हा व्यवहार फार पटला. वर्गणी त्याने भरली नाही, पण पुढच्या यात्रेला तो स्वतःहून त्यांना चहा पाजून गेला.

एका ठिकाणी मात्र त्यांचा नेम अचूक लागला होता, हे सांगायला हवं. मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून पाटी-पुस्तक घेऊन बसलेल्या त्या आज्यांचे फोटो जगभर गेले. आपण सगळे फोटो बघून हेलावलो. गुरुजींनी विचार केला की यांना बाराखडी आली, की मग वाचायला काय? आणि त्यांनी ठरवलं, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. लग्नानंतर नवऱ्याकडून धडपडत अक्षरं शिकलेल्या, आणि पुढे मराठीतलं एक अव्वल आत्मचरित्र लिहिलेल्या बाईचं पुस्तक. याहून नेमकं पुस्तक कुणी सुचवून दाखवावं. अडलं ते टाइपावर. वाचनालयातल्या प्रतीचं अक्षर इतकं बारीक की गुरुजींनाच भिंग लागतं. मोठ्या अक्षराची आवृत्ती मिळते का, हे ते गेली कित्येक वर्षं ठाण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतात. जाणारा हो म्हणतो आणि येताना मिठाई आणतो.

एवढ्या सगळ्यांना पुस्तक सुचवणाऱ्या गुरुजींना कुणी पुस्तक सुचवलेलं मात्र चालत नाही. नाव काढताच ते मान हलवतात. त्या हलण्याचा अर्थ वाचलंय असा होतो, ऐकलंय असा होतो, आणि तुमचं वय काय असाही होतो. सुनेने मोबाइलवर ऐकायच्या पुस्तकांचं ॲप लावून दिलं, तर म्हणाले, पान दुमडता येत नाही. घरात त्यांची बायको रात्री जे वाचते ते गेल्या तीस वर्षांत त्यांनी सुचवलेलं नाही. ती सुहास शिरवळकर वाचते आणि कव्हर घालत नाही.

गेल्या पावसाळ्यात टोकावड्याच्या गाडीवरच्या कंडक्टरने त्यांना गाठलं. म्हणाला, “गुरुजी, विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ वाचलं. बारकंसं आहे, बोटीवरचं. नक्की वाचा.” गुरुजींनी मान हलवली. १९३९ सालचं आहे ते, एवढं सांगून खिडकीबाहेर बघत बसले. त्यानंतर दोन-तीन आठवडे ते पिशवीशिवाय दिसले, म्हणजे घरी काहीतरी चाललं होतं.

मग सरळगावला गाडीत चढले. पिशवीत हात घालून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पातळ पुस्तक काढलं आणि त्याच कंडक्टरच्या पुढे धरलं.

“तुझ्यासाठी मुद्दाम शोधून काढलंय. बोटीवरचं आहे. तुझा धंदा प्रवासाचा, तुला पटेल.”

कंडक्टरने कव्हर बाजूला करून नाव बघितलं. गुरुजींकडे बघितलं. पुस्तक मशीनच्या पट्ट्याखाली खोचलं.

“अर्धं तिकीट ना? सुट्टे द्या गुरुजी.”