जुळवणीकर

जनुकांच्या एक्स्प्रेशनवर काम करणाऱ्या लॅबमध्ये एक तरी जुळवणीकर असतो. नसेल तिथं काम लवकर होतं, आणि चुकीचं होतं. हा माणूस बहुधा पोस्टडॉक असतो, वय पस्तिशीच्या आसपास, व्हिसाची मुदत कायम संपत आलेली. पेशीत कुठलं जनुक किती जोरात चाललंय हे इतरांनी मोजायचं. एकाचं मोजमाप दुसऱ्याच्या मोजमापाशी जुळतं का, हे यानं बघायचं. त्यामुळे त्याला मित्र कमी. अमेरिकेतल्या आमच्या लॅबमधला जुळवणीकर पुण्याहून एम.एस्सी. करून आला होता. म्हणजे शंका घेण्याचं शिक्षण देशातच पूर्ण झालेलं.

कोणी उड्या मारत यावं, "अरे, ट्यूमरमध्ये हा जीन तिप्पट वर गेलाय!" दुसऱ्या कोणी अभिनंदन केलं असतं. हा चष्मा वर सरकवून विचारायचा, "कुठली चिप?" ते सांगितलं की, "प्रोब कुठं बसतो?" तेही सांगितलं की, "हायब्रिडायझेशन कोणी केलं?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत समोरच्याचा जीन निम्म्यावर आलेला असायचा.

बरं, त्याचं म्हणणं खोटं म्हणायची सोय नव्हती. 1995 मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी काचपट्टीवर ॲराबिडॉप्सिस या रोपट्याच्या 45 जनुकांचे ठिपके मांडून मायक्रोॲरेचा, म्हणजे जनुकं मोजायच्या या चिपचा, पेपर लिहिला, तोवर ठीक होतं. पुढे कंपन्या उतरल्या आणि प्रत्येकीनं आपली चूल मांडली. ॲफिमेट्रिक्सचे प्रोब, म्हणजे जनुकाला पकडणारे डीएनएचे तुकडे, 25 अक्षरांचे, प्रकाशाच्या मदतीनं चिपवरच रचलेले. ॲजिलेंटचे 60 अक्षरांचे, इंकजेट प्रिंटरच्या तंत्रानं घातलेले. इल्युमिनाचे 50 अक्षरांचे, बारीक मण्यांवर चिकटवलेले. ॲफिमेट्रिक्सच्या चिपवर एका वेळी एकच नमुना; दोन रंगांच्या चिपवर दोन नमुने, एक हिरवा नि एक लाल, आणि हाती येणार ते त्यांचं गुणोत्तर. शिवाय जनुक एकच असलं, तरी एका कंपनीचा प्रोब त्याच्या शेपटाला धरणार, दुसरीचा मधल्याच एखाद्या एक्सॉनला, म्हणजे जनुकाच्या तुकड्याला. आणि तो एक्सॉन त्या पेशीत वापरलाच नसेल तर? "मग आकडे जुळतील कसे?" जुळवणीकर विचारायचा. हा प्रश्न तो लिफ्टमध्येही विचारायचा.

ॲफिमेट्रिक्सनं बरोबर प्रोबच्या जोडीला मुद्दाम एक चुकीचा प्रोब ठेवला होता, बरोबर मधलं, 13वं अक्षर बदललेला. भलतंसलतं किती चिकटतंय ते त्याच्यावरून कळावं आणि वजा करता यावं, हा हेतू. प्रत्यक्षात पुष्कळ जोड्यांमध्ये चुकीचा प्रोबच जास्त चमकायचा. "हे फक्त चिपवरच होतं असं नाही," असं म्हणून जुळवणीकर बॉसच्या केबिनकडे बघायचा.

त्याच्या टेबलासमोर भिंतीवर एकमेकांत अडकलेल्या 3 वर्तुळांची आकृती होती, स्वतः काढून डकवलेली. 2003 मध्ये काही संशोधकांनी एकच आरएनए तीन कंपन्यांच्या चिपवर चढवून बघितला. कुठली जनुकं बदलली याच्या तीन याद्या निघाल्या, आणि तिन्हींत समान जनुकं निघाली फक्त 4. सकाळी आल्यावर जुळवणीकर आधी त्या 4 कडे बघायचा, मग मेल उघडायचा.

उन्हाळ्यात त्याचा मूड हवेवर असायचा. लाल रंग देणारा साय-5 हा डाय ओझोनमुळे विरतो. हिरव्या साय-3 ला त्याचं फारसं काही वाटत नाही. काचपट्टी धुऊन स्कॅनरपर्यंत नेईस्तोवर लाल फिका पडतो, आणि मग शंभर जनुकं 'खाली गेली' असं दिसतं. गेलेला असतो नुसता रंग. म्हणून शहराचं ओझोनचं बुलेटिन बघून हा पट्ट्या धुवायची वेळ ठरवायचा. महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला जुळवणीकर दिसला की ओळखावं, आज ओझोन जास्त आहे.

लग्नातही त्यानं हेच केलं. एका ज्योतिषानं पत्रिका बघून 27 गुण सांगितले, दुसऱ्यानं 19. थोरली मंडळी हवालदिल. जुळवणीकरानं शांतपणे विचारलं, "पंचांग कुठलं?" एकाचं निघालं टिळक, दुसऱ्याचं दाते. एक रैवत पक्षाचं, दुसरं चित्रा पक्षाचं. राशिचक्राच्या आरंभातच सुमारे 4 अंशांचा फरक, त्यामुळे काठावरचं नक्षत्र बदलायचं. "मग ही तुलनाच बाद. दोन्ही पत्रिका एकाच पंचांगावर काढा, मग बोलू." वहिनी आजही सांगतात, "मला वाटलं, हा माणूस माझ्यासाठी भांडतोय. नंतर कळलं, आरंभबिंदूसाठी भांडत होता."

नव्या आलेल्या मुलांना मात्र तो जपायचा. एकदा एक विद्यार्थिनी एक्सेलमधली यादी घेऊन आली. "दादा, यातले पुष्कळ दोन्ही चिपवर वर गेलेत!" त्यानं बोट फिरवत यादी वाचली आणि एका ओळीवर थांबला.

"अगं, हा कुठला जीन? दोन सप्टेंबर?"

ती गोरीमोरी झाली. "दादा, तो... सेप्ट-2 असणार."

"असणार नव्हे, होता. एक्सेलला ती तारीख वाटली. दुसऱ्या चिपच्या यादीत तो नीट आहे, म्हणून तुला तो जुळला नाही. आणखी किती गेलेत ते बघ."

या घोटाळ्याचा इशारा 2004 मध्येच छापून आला होता. शेवटी 2020 मध्ये नामकरण समितीनं एक्सेलपुढे हात टेकले आणि असल्या जनुकांचीच नावं बदलली. सेप्ट-2 आता सेप्टिन-2 झालंय.

2005 मध्ये मात्र जुळवणीकराला नवीनच खाद्य मिळालं. नेचर मेथड्समध्ये आलेल्या एका अभ्यासात एकच आरएनए अनेक प्रयोगशाळांना वाटला होता. एकाच तंत्रावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांमध्येही मोठी तफावत निघाली, आणि उत्तम प्रयोगशाळांचे निकाल तंत्रं वेगळी असूनही बऱ्यापैकी जुळले. थोडक्यात, दोष चिपपेक्षा हाताचा. त्यानंतर लॅबमध्ये कोणी पिपेट उचललं, की मागे जुळवणीकर उभा.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं पुढाकार घेऊन केलेला मोठा प्रकल्प नेचर बायोटेक्नॉलॉजीत आला. त्याचं नाव मॅक्यूसी. नमुने दोन: दहा मानवी पेशीवाणांचं मिश्रण आणि मेंदूचा आरएनए. वर त्यांची 3:1 आणि 1:3 अशी मिश्रणं, म्हणजे उत्तर काय यावं याचा अंदाज आधीच हातात. सगळ्या तंत्रांत समान अशी 12,091 जनुकं घेतली, आणि निकाल छान जुळले. आम्हाला वाटलं, आता याची नोकरी गेली. त्यानं पेपर रात्रभर वाचला आणि सकाळी जाहीर केलं, "जुळलं ते यादी कशी केली त्यावर! नुसत्या पी-व्हॅल्यूवर निवडलेल्या याद्या कमी जुळतात, किती पट बदल झाला त्यावर निवडलेल्या जास्त. यंत्रं भांडतच नव्हती. आपणच भांडण लावून देत होतो." आणि या निष्कर्षावर संख्याशास्त्रज्ञ भांडायला लागले, तेव्हा त्याचा चेहरा खऱ्या अर्थानं उजळला.

2007 मध्ये एका अभ्यासानं युरोपीय आणि आशियाई वंशाच्या लोकांत जवळपास चौथाई जनुकांचं एक्स्प्रेशन वेगळं असतं असं म्हटलं. टीकाकारांनी दाखवून दिलं, की दोन गटांच्या चिप मुख्यतः वेगवेगळ्या वर्षी चालवलेल्या होत्या. वंशाचा फरक किती आणि सालाचा किती, हे त्या आकड्यांतून वेगळं करणं अवघडच. एखाद्या तरी जुळवणीकरानं त्या चिपच्या तारखा वेळेवर विचारल्या असत्या तर?

आता चिप मागे पडल्या, आरएनए सीक्वेन्सिंग आलं. पण 2000 मध्ये सुरू झालेल्या जिओ या सार्वजनिक कोठारात चिपचा जुना माल ढिगानं पडलाय आणि नवी पिढी एका क्लिकमध्ये तो सगळा एकत्र कालवून कंप्युटरला खाऊ घालते. तुमच्या लॅबमध्ये असं काही चाललं असेल, तर पेपर पाठवण्याआधी जुळवणीकराला शोधा आणि त्याला काय विचारायचंय ते विचारू द्या. चार दिवस डोकं उठेल. पण पेपर छापून आल्यावर मागे घेण्यापेक्षा ते परवडतं.