नॉबचे दाते ठरवणाऱ्या साहेबांस अनावृत पत्र

अशोका गार्डन, भोपाळ

शॉवरच्या नॉबला आतून किती दाते पाडायचे हे ठरवणारे साहेब,

सा. न. वि. वि.

आपले नाव ठाऊक नाही. खोक्यावर ते छापायची पद्धत नाही, आणि त्यात आपला शहाणपणा दिसतो. आमच्या न्हाणीघरात रोज सकाळी आपली आठवण निघते. कुठल्या शब्दांत, ते इथे लिहिण्याजोगे नाही.

आपला नॉब गेला. बाहेरून चांदीसारखा झगझगीत, आतून प्लॅस्टिक. पाण्यातल्या क्षाराने पितळी दांडा जड होत गेला, आम्ही हाताचा जोर वाढवत गेलो आणि मधल्यामध्ये आपले दाते झिजले. आता नॉब गरगर फिरतो, दांडा ढिम्म. ज्या गावचा बडा तालाब राजा भोजाने अकराव्या शतकात बांधला म्हणतात आणि अजून लोकांना पाणी पाजतो, तिथे आपण हा नॉब पाठवलात! कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी.

नॉब काढायची विद्याही आपल्यामुळेच आली. आधी टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा. मग खालच्या जाळीवर फडके टाकायचे, कारण तो एवढासा स्क्रू निसटला की थेट गटारात. तोंडावरची लाल टिकली चाकूच्या टोकाने उचकटायची. स्क्रू आत असतो. नसला तर नॉबच्या पोटाखाली, भिंतीच्या बाजूला, जिथे मान वाकडी केल्याशिवाय नजर पोचत नाही, तिथे अ‍ॅलन कीचे भोक सापडते. ते तिथे दडवण्यात सौंदर्यदृष्टी आहे असे कळते. मान आमची, दृष्टी आपली. क्षाराने धरून ठेवले असेल तर व्हिनेगरचे फडके गुंडाळून थोडा वेळ थांबायचे आणि हलवत हलवत ओढायचे. हातोडी मारायची नाही. नॉबला काही होत नाही, टाइल तडकते.

हे सगळे सोपे, हो. अवघड ते पुढेच. प्रभात चौराह्यावरच्या दुकानदाराने नॉब उलटा करून आत डोकावून पाहिले आणि म्हणाला, "भैया, ये मॉडल तो बंद हो गया." जुन्या भोपाळातल्या दुकानात नॉबांनी भरलेला डबाच पुढे आला. आमच्या दांड्याला दाते २०, त्यांच्या नॉबांना २४. एकाचे भोक तर चक्क चौकोनी. एक नॉब "करीब-करीब" बसला. करीब-करीब बसलेला नॉब साबणाच्या हाताने उलट्या दिशेला फिरवून पाहिला आहेत कधी?

आता पाइपाच्या आट्यांचे बघा. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने १८४१ मध्ये आट्यांचे एक माप सुचवले. त्याच वळणावरचे पाइपाचे आटे आपण अजून वापरतो. अर्ध्या इंची नळाला इंचाला १४ आटे, भोपाळात तेवढेच आणि नागपुरात तेवढेच. म्हणून कुठल्याही कंपनीची तोटी कुठल्याही पाइपावर चढते. भिंतीच्या आत, जिथे कोणी बघत नाही, तिथे सगळे जुळते. माणसाचा हात जिथे लागतो तिथे मात्र ज्याचे त्याचे संस्थान.

प्लंबरने उपाय सांगितला आहे. "पूरा बदलना पड़ेगा." म्हणजे चार बोटांच्या प्लॅस्टिकसाठी भिंत फोडून आतली पितळी बॉडी काढायची. पितळ धडधाकट आहे. आणि जी टाइल फुटेल तिचेही मॉडेल बंद झाले आहे. तिकडेही आपलेच कोणी नातलग असावेत.

तोवर साबणाशेजारी पकड ठेवली आहे. पाहुणे आले की टॉवेलबरोबर पकडही देतो. पुण्याच्या मावशींनी विचारले, "हे काय भोपाळी अभ्यंग?"

एवढेच करा. नॉबच्या पोटात दात्यांचा आकडा आणि दांड्याची जाडी कोरून ठेवा. साच्यात दोन आकडे जास्त पाडायचे, त्याने आपले संस्थान बुडणार नाही.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, माप असावे.

आपला,
एक पकडधारी ग्राहक