आयफेल टॉवरला सदिच्छा भेट

शनिवार-रविवारात पॅरिस उरकून भाऊ आणि वहिनी भडगावात परतले. त्यांचा जेट लॅग उतरायच्या आत बसस्टँडजवळच्या चौकात फ्लेक्स चढला. ‘जगप्रसिद्ध आयफेल टॉवर (पॅरिस) येथे सदिच्छा भेट देऊन सुखरूप परतल्याबद्दल युवकांचे आशास्थान, भावी नगरसेवक भाऊ व सौ. वहिनी यांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. 1889 पासून तो टॉवर तिथे उभा आहे, पण त्याच्याकडे सदिच्छा घेऊन बहुधा कोणी फिरकलंच नसावं. आता त्याला बरं वाटलं असेल.

330 मीटरचा हा टॉवर फ्लेक्सवर भाऊंच्या खांद्याला लागतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फ्लेक्सवर कोणाची उंची किती ठेवायची, हे पैसे देणारा ठरवतो.

माझी नजर अडकली ती डाव्या कोपऱ्यातल्या फोटोवर. दोघं एका जुन्या दगडी भिंतीला टेकून उभे आहेत. भाऊंचा गॉगल कपाळावर, वहिनींच्या खांद्यावर नवी पर्स. मागे भिंतीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत फ्रेंचमध्ये एक ओळ आणि शेवटी 1881 साल. सन दिसला म्हणजे इतिहास असणारच. विचारायचं कोणाला? टूरवाला बसमध्ये डोकी मोजत होता. म्हणून खाली छापून टाकलं, ‘ऐतिहासिक वास्तूसमोर’.

त्या भिंतीवर लिहिलंय: येथे जाहिराती चिकटवण्यास मनाई आहे, 29 जुलै 1881 चा कायदा.

पॅरिसमध्ये ही ओळ जागोजागी दिसते. शाळेच्या भिंतीवर, सरकारी इमारतीवर, गल्लीच्या तोंडाशी. गंमत म्हणजे हा मुळात वर्तमानपत्रांच्या स्वातंत्र्याचा कायदा. छापणाऱ्याला मोकळीक दिली आणि त्याच कागदावर भिंतीचीही सुटका करून टाकली. आपल्याकडे कायदा नाही असं कोणी म्हणू नये. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्राचा 1995 चा कायदा आहे. तो भिंतीवर रंगवायचा तर आपल्याकडे रिकामी भिंत नाही, एवढीच अडचण.

तर ‘जाहिरात लावू नका’ असं बजावणारी भिंत आता भडगावात एका जाहिरातीवर झळकते आहे. आणि ती जाहिरात बांधली आहे कुठे? रस्त्याच्या दिशादर्शक फलकावर. बांबू, सुतळी, चार गाठी, आणि चाळीसगाव, पाचोरा, पारोळा तिन्ही गावं गायब. रात्री केळीची गाडी घेऊन आलेला परराज्यातला ड्रायव्हर दिव्याच्या उजेडात फलक शोधतो, तर समोर पॅरिस. बिचारा खाली उतरतो, टपरीवर विचारतो, ‘भैया, चालीसगाँव?’ टपरीवाला न बोलता भाऊंच्या कोपराकडे बोट दाखवतो. मागे एसटीवाला हॉर्न देतोय, त्याच्या मागे कापसाचा ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागे एक वरात आणि वरातीत नवरदेवाचाही फ्लेक्स, तो कुठे बांधावा म्हणून चार पोरं खांब शोधत हिंडताहेत. खांब मोकळा नाही. एकावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा वाघ, दुसऱ्यावर दशक्रिया विधी, तिसऱ्यावर कोचिंग क्लासचे गुणवंत, चौथ्यावर गेल्या दिवाळीच्या शुभेच्छा, ज्यांचा आता फक्त ‘शु’ उरलाय. माणूस जन्मला तरी फ्लेक्स, मेला तरी फ्लेक्स, आणि मधल्या काळात विमानात बसला तरी फ्लेक्स.

यात हसण्यासारखं तरी काय आहे? 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, 17 माणसं गेली. परवानगी असते चाळीस बाय चाळीस फुटांची, ते होतं त्याहून कितीतरी मोठं. आठवडाभर राज्यभर मोजपट्ट्या फिरल्या, मग मोजपट्ट्या कपाटात आणि बांबू पुन्हा रस्त्यात. आपल्याकडे वैशाखात वावटळ येते तेव्हा घरावरचे पत्रे उडतात, आणि आपण मुलांच्या शाळेच्या वाटेवर पंधरा फुटांचं शीड सुतळीवर टांगून ठेवतो. लाज वाटायला पाहिजे, ती शुभेच्छुकांत वाटून टाकली आहे. प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडी येते.

नाव चौकात लावायची हौस खानदेशाला नवी नाही. चाळीसगाव तालुक्यात पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची ती नोंद. त्यातही शुभेच्छुकांची नावं आहेत. पण त्यांनी दान काय दिलं, तेही कोरलंय.

परवा भाऊ टपरीवर भेटले. बरोबर आपल्याच फ्लेक्सच्या सावलीत बसले होते. विचारलं, पॅरिसमध्ये सगळ्यात काय आवडलं? टॉवर म्हणतील, सीन नदीतली बोट म्हणतील असं वाटलं होतं. भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला आणि मनापासून म्हणाले, ‘काय सफाई शे, दादा! चौकमा एक बी बॅनर दिसनं नही!’

मी वर पाहिलं. त्यांनीही पाहिलं. ‘वारा मस्त शे,’ असं म्हणून त्यांनी दुसरा चहा सांगितला.

भाऊ, कृपा करून तो उतरवा. बांबू मळ्यात उपयोगी पडतील आणि पावसाळ्यात कडब्यावर टाकायला फ्लेक्ससारखं दुसरं काही नाही. मुदत संपेपर्यंत थांबावं म्हटलं तर फ्लेक्सवर परवानगी क्रमांक नाही, मुदतीची तारीखही नाही. पुढच्या महिन्यात तुमचे मित्र दुबईला निघालेत, आणि त्या चौकात मोकळा खांब एकही नाही.