बातमी वर, साहेब खाली

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायती, शाळा, बचत गट, पतसंस्था आणि मंडळांना एक स्पष्ट सांगायचं आहे. आमचं पत्रक पेपरवाले छापत नाहीत, छापलं तर चार ओळींत उरकतात, ही तक्रार गावोगाव ऐकायला मिळते. बहुतेक वेळा दोष पेपरवाल्यांचा नसतो. पत्रकाच्या पहिल्या वाक्यात बातमीच नसते.

ते पहिलं वाक्य सगळ्यांना तोंडपाठ आहे. अमुक संस्थेच्या वतीने, माननीय तमुक यांच्या शुभहस्ते, मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला. पाठोपाठ दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ. शेवटी सूत्रसंचालन कुणी केलं आणि आभार कुणी मानले. संध्याकाळी जिल्ह्याचं पान लावायला बसलेल्या उपसंपादकापुढे अशी पत्रकं ढिगाने पडलेली असतात. त्याच्या हाती वेळ थोडा आणि जागा त्याहून थोडी. तो पहिल्या दोन ओळी वाचतो आणि पुढचं पत्रक उघडतो.

समजा, जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेने स्नेहसंमेलनाचं पत्रक पाठवलं. पाहुण्यांची नावं संपली, भाषणं संपली आणि चौथ्या परिच्छेदात एक ओळ आली: शाळेने हंगामी वसतिगृह चालवल्यामुळे ऊसतोड मजुरांची चौदा मुलं यंदा गावातच राहिली. अहो, बातमी ही आहे! पत्रक इथून सुरू करा. 'आईवडील ऊसतोडीला गेले, तरी त्यांची चौदा मुलं यंदा रोज शाळेत येताहेत.' मग ती कुठं राहतात, रात्री सोबतीला कोण असतं, जेवण कोण करतं, ते लिहा. एखाद्या आजीचं बोलणं तिच्याच शब्दांत घ्या. पाहुण्यांची नावं शेवटच्या दोन ओळींत बसतात. जागा कमी पडली तर तीच कापली जातील, मुलं राहतील.

हे आपल्या जिल्ह्यांना जमत नाही असं मुळीच नाही. २२ ऑक्टोबर २०११ ला सातारा जिल्ह्यात २८५ मुलींचं नव्याने बारसं झालं. घरात पुन्हा मुलगीच झाली म्हणून ज्यांचं नाव 'नकोशी' किंवा 'नकुसा' ठेवलं होतं, त्या या मुली. त्यांनी स्वतः नावं निवडली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलांचा छोटा गुच्छ घेऊन त्या घरी गेल्या. कल्पना जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांची होती. साताऱ्याचा हा सरकारी कार्यक्रम वृत्तसंस्थांनी जगभर पोचवला. का? एका वाक्यात सगळं मावत होतं: २८५ मुलींनी नको असलेलं नाव टाकून हवं ते घेतलं. आकडा होता, तारीख होती आणि कुणाच्या तरी आयुष्यात त्या दिवशी काहीतरी बदललं होतं. व्यासपीठावर कोण बसलं होतं, हे त्या बातमीला विचारावंच लागलं नाही.

दुसरं उदाहरण पाण्याचं. पावसाळ्यात या दोन जिल्ह्यांत सर्वांत जीव लावून वाचलं जाणारं पत्रक कोयना धरणाच्या विसर्गाचं असतं. दरवाजे किती फूट उचलले, किती क्युसेक पाणी सोडलं, हे त्यात असतं. पण सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉटमधल्या किंवा कर्नाळ रस्त्यावरच्या बाईला क्युसेक नको असतो. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर जाणार आणि कधी, एवढंच तिला हवं असतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे गणित सांगलीच्या पोराटोरांना पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा शहराने ते अंगावर घेतलं. कोयनेतून सुटलेलं पाणी कऱ्हाडवरून सांगलीला पोचायला वेळ लागतो. तेवढाच वेळ घर आवरायला, म्हातारी माणसं आणि जनावरं हलवायला मिळतो. म्हणून पत्रकाच्या पहिल्या ओळीत फूट आणि वेळ लिहा, दुसऱ्या ओळीत आधी पाणी शिरणाऱ्या वस्त्यांची नावं द्या. क्युसेक खाली चालेल. इथे वाक्यांचा क्रम चुकला तर माणसांचं नुकसान होतं.

तिसरं उदाहरण एका गावाचं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवून गावातले टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद ठेवायला सुरुवात केली. पोरांनी अभ्यास करावा म्हणून. जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव, पण बाहेरचे बातमीदार तिथवर गेले. गेल्यावर त्यांना भोंगा ऐकायला आणि घरोघरी फिरणाऱ्या अंगणवाडी सेविका बघायला मिळाल्या. गावात घडत होतं, म्हणून सांगता आलं. नुसत्या संकल्पाचं पत्रक काढू नका. महिनाभर काम करा आणि मग लिहा.

आता कामाचं. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. लेटरहेडचा फोटो पाठवलात तर कुणाला तरी तो सगळा पुन्हा टाइप करावा लागतो, आणि घाईच्या वेळी तो करत नाही. दोन-अडीचशे शब्द पुष्कळ झाले. कार्यक्रम दुपारी झाला तर पत्रक दुपारीच जाऊ द्या. रात्री नऊला पाठवलेलं शिळं होतं. फोटो रांगेत उभ्या पुढाऱ्यांचा नको, कामाचा हवा. खाली डावीकडून नावं लिहा. फोन उचलेल अशाच माणसाचा नंबर द्या. आकडा दोनदा तपासा. एकदा चुकीचा आकडा छापून आला की तालुक्याचा बातमीदार तुमच्या पुढच्या पत्रकावर भरवसा ठेवत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

आणि एक पत्रक काढून थांबू नका. साताऱ्यातलं ते बारसं जगभर गाजलं, त्यानंतर सहा वर्षांच्या आतच, मार्च २०१७ मध्ये, शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला, मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपातांच्या प्रकरणात १९ भ्रूण सापडले. गाजलेल्या बातमीने प्रश्न सुटत नाही, लोकांचं लक्ष तेवढं वेधलं जातं. ते टिकवायचं तर वर्षाने दुसरं पत्रक लागतं. नाव बदललेल्या मुली शाळेत आहेत का? दाखल्यावर नवं नाव चढलं का? तालुक्यात मुलींचे जन्म वाढले का? हार-तुरे नसलेलं हे दुसरं पत्रक काढायला धमक लागते. ज्या कार्यालयाकडे ती आहे, त्याच्या पहिल्या पत्रकावरही लोक विश्वास ठेवतात.

पुढच्या वेळी पत्रक पाठवण्याआधी त्याचं पहिलं वाक्य कार्यक्रमाशी काही संबंध नसलेल्या शेजारच्या वहिनींना वाचून दाखवा. त्यांनी 'मग पुढं काय झालं?' असं विचारलं, तर पाठवा. नुसतीच मान डोलावली, तर खुर्चीत बसा आणि पुन्हा लिहा.