ऐकलंत का, डेकोरेटर बोलावलाच नव्हता!

अहो, ऐकलंत का? या जरा अशा इकडे सरकून. जोरात नको, वरच्या गॅलरीत कान असतात. तर त्या पलीकडच्या लग्नात डेकोरेटर आलाच नव्हता म्हणे. आला नव्हता म्हणजे, बोलावलाच नव्हता! गेटवरच्या त्या झेंडूच्या माळा, स्टेजमागचा तो मोगऱ्याचा पडदा, नवरीची वेणी, करवल्यांचे गजरे… सगळं घरच्या घरी. आणि पुढाकार कोणाचा? खुद्द नवरीचा. आता बोला!

मला शंका होतीच म्हणा. आदल्या दिवशी त्यांच्या ओट्यावर एवढ्या बायका कशाला बसल्या होत्या? मी आपली कपडे वाळत घालायच्या निमित्ताने सारखी डोकावत होते. आणि पैशाची त्यांना काय ददात हो? गोडाऊनचं भाडं घरबसल्या येतंय. थोरल्याच्या हळदीला डीजे किती वाजला ते आठवतंय ना? आपल्या बिल्डिंगमधली तान्ही पोरं रात्रभर झोपली नाहीत. त्याच्या स्टेजला तर ऑर्किड काय, ती निळी हायड्रेंजा काय, नुसती चैन. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळी फुलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून कचऱ्यात! ही पोरगी तेव्हा दारात उभी होती. बघत होती. तिथेच काहीतरी डोक्यात बसलं तिच्या, असं तिची वहिनी म्हणते. वहिनी हे जरा टोचूनच म्हणते, कारण ट्रॉली तिच्याच लग्नाची ना… असो.

तर काय सांगत होते, डेकोरेटर. लग्नाआधी तो नुसता आकडा सांगायला आला होता, मोबाइलवर फोटो दाखवले आणि आकडा टाकला सव्वा लाख. वडील हो म्हणणारच होते, तेवढ्यात ही म्हणाली, "दादा, याचं बिल फोडून द्या. फुलांचे किती, माणसांचे किती?" गोडाऊनच्या ऑफिसात अकाउंट्स बघते ना ती, सवयच तशी. तो हसला, म्हणाला, "ताई, फुलांचं काय घेऊन बसलात. फुलं बघायला गेलं तर थोडीच. कारागीर रात्रभर बसतात, त्यांचीच मजुरी निम्म्याच्या वर. शिवाय गाडी, काशेलीचं ट्रॅफिक, त्या मेट्रोच्या खांबांमधून टेम्पो काढायचा…" बिचारा खरं बोलला आणि फसला. हिने कागदावर लिहून घेतलं सगळं. मग म्हणते, "म्हणजे फुलं आमची आणि बोटंही आमची असतील, तर?" त्याचं तोंड असं झालं म्हणे!

मग तो आर्टिफिशियलवर आला. निम्म्या पैशात करून देतो, फोटोत कळणार पण नाही. तर नवरीचा धाकटा भाऊ मध्येच म्हणाला, "अहो, २०२५च्या पावसाळी अधिवेशनात मंत्री गोगावल्यांनी प्लास्टिकच्या फुलांवर बंदी आणायचं सांगितलंय, पेपरात वाचलं नाही का?" आता मला सांगा, ज्या पोराने दहावीचं पुस्तक धड उघडलं नाही त्याला हे बरं ठाऊक! पण फुलशेतीवाल्यांची ती जुनी तक्रार आहेच हो. चिनी फुलं येतात आणि आपला झेंडू मळ्यात वाळतो.

खरा तमाशा पुढेच. कोपरची आत्या आली. हुंदका देत म्हणाली, "गोडाऊनवाल्याच्या पोरीला फुलांना पैसे नाय, असं लोक बोलतील!" घरात एकदम शांतता. आई पदराने डोळे टिपतेय, वडील पंख्याकडे बघतायत. पोरगी म्हणाली, "आत्या, त्या पैशांत माझी स्कूटर येते." त्यावर आत्या आणखीच पेटली. तेवढ्यात आतून आजी आली. त्यांची आजी, तुम्हाला माहीतच आहे, बोलते कमी. खाटेवर टेकली आणि म्हणाली, "कनाला रडतंस? आमचे लग्नान कोन डेकोरेटर व्हता?" संपलं! आत्याचं तोंड एवढंसं झालं.

मग काय, आजीला बोलतं करायला सगळ्या बसल्या. तिच्या वेळी मांडवाला उंबराची डहाळी, आंब्याचे टाळे आणि केळीचे खांब. फुलं मिळाली तर मिळाली. गळ्यांना मात्र तोटा नव्हता. धवलारीण बसायची आणि धवले गात एकेक विधी पुढे न्यायची, भटजीच्या आधी मान तिचा. आजी म्हणाली, ते गाणं होतं म्हणून मांडव भरलेला दिसायचा. आपल्याकडे आता डीजे आहे, म्हणून फुलंही डोळे दिपवणारी लागतात… हे माझं मत हो, आजीचं नाही.

आणि आपले बी विंगमधले रिटायर्ड गुरुजी! ते पत्रिका घ्यायला गेले आणि तिथेच बसले. त्यांना प्रत्येक गोष्टीत तारीख लागते. म्हणाले, २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, सीताराम आल्हाट आणि राधाचं. भटजी नाही, बडेजाव नाही, खर्च जवळपास पानसुपारीचाच. आणि लावणारे कोण, तर जोतिराव फुले, ज्यांच्या घराण्याने पेशव्यांना फुलं पुरवली! मूळचे ते गोऱ्हे. यावर आजी काय म्हणाली असेल? "म्हंजे फुलवाल्यांचे घरान पन फुलांवर खरच नाय." गुरुजींना पुढे काही सुचेना. चहा संपवून उठले.

तर काय सांगत होते… हां, दादर. एका पहाटे नवरी, तिची मावशी आणि दोन मैत्रिणी रिक्षाने ठाणे स्टेशनला, तिथून अंधारातली लोकल पकडून दादरच्या फूल मार्केटात. कल्याणचं मार्केट आपल्याला तसं सोयीचं, पण हिला आधी दादरच बघायचं होतं. मोबाइलवर फोटो काढून नेलेला, कुठल्याशा इन्स्टाग्रामवालीचा. पांढरी शेवंती, गुलाबी हायड्रेंजा. फुलवाला म्हणाला, "वैशाखात शेवंती कुठली काढू? ती थंडीची. आणि ही हायड्रेंजा एसी हॉलमध्ये ठीक, तुमच्या मांडवात दुपारपर्यंत मान टाकेल." मैत्रिणींचे चेहरे पडले. हिचा नाही. तिने विचारलं, "मग आत्ता भरपूर काय आहे?" हा खरा प्रश्न बघा! मोगरा. उन्हाळा म्हणजे मोगऱ्याचाच. जव्हारकडच्या आदिवासी शेतकऱ्यांचा मोगरा त्याच मार्केटात येतो. शिवाय गुलछडी आणि कलकत्ता झेंडू. बस, तीनच फुलं ठरली. हिरवळीला कामिनीचा पाला विकत, आणि आंब्याचे टाळे व अशोकाची पानं? ती तर गावातच. आपल्या कंपाउंडमधल्या अशोकाच्या फांद्या कोणी नेल्या, ते कळलं का आता तुम्हाला? सेक्रेटरींना नका सांगू.

हिशोब तर तिने असा केला होता, ऐका. चांगल्या झेंडूची किलोला शंभर-सव्वाशे फुलं बसतात. दाटीने ओवली तर फुटाला दहाएक लागतात. म्हणजे दोनशे फुटांच्या माळांना दोन हजार फुलं, सोळा ते वीस किलो. मग ही म्हणते, मधे मधे आंब्याचं पान दुमडून ओवलं तर? किलोंचा आकडा धडाधड खाली! आणि माळ आणखीच उठून दिसली. डेकोरेटर लोक असं का करत नाहीत देव जाणे. किलोवर कमावतात ना.

झेंडू दोन दिवस आधी आला. तो टिकतो, फक्त पाणी मारून गोणीत कोंबून ठेवायचा नाही, आतून तापतो आणि काळा पडतो. वर्तमानपत्रावर पसरला सगळा हॉलभर, त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मोगरा मात्र लग्नाच्या दिवशीच, तोही कळ्यांचा. उमललेला घेतला की फसलात. पहाटेची कळी संध्याकाळी उमलते, मुहूर्त गोरज होता, बरोब्बर जमलं. गजऱ्यांना दोरा नाही, केळीचं सोपट भिजवून. ते फक्त आजीला आणि त्या मागच्या चाळीतल्या काकींना येत होतं. बाकीच्या बघून बघून शिकल्या. नवरीची पहिली वेणी तर म्हणे हातात धरताच सुटली!

आता गंमत. गजरे ठेवायचे कशात? काका मोठ्या हौसेने थर्माकोलचा खोका घेऊन आले, बर्फ भरून. खोका कसला? मासळीचा! झाकण उघडलं आणि… अहो, तो बोंबलाचा वास! नवरीने मांडवात प्रवेश केला असता तर विहीणबाईंनी आधी जेवणाचा मेन्यूच विचारला असता. काकांना गेटबाहेर काढलं खोक्यासकट. मग स्टीलच्या मोठ्या डब्यांत ओलं मलमल, त्यात गजरे, आणि फ्रिजचे सगळे कप्पे रिकामे. दुधाच्या पिशव्या आपल्या पहिल्या मजल्यावरच्यांच्या फ्रिजमध्ये. त्यांनी त्यातली एक वापरली, असं ऐकलं. मी काही पाहिलेलं नाही.

दुसरा घोळ जरा महागात पडला. वरमालांसाठी मावशीने हट्टाने कार्नेशन घेतली होती, गुलाबी. थंड खोली म्हणून रात्री ठेवली कुठे, तर आंब्याची आढी घातलेल्या खोलीत! सकाळी बघतात तर पाकळ्या आत मिटून सगळी फुलं झोपल्यासारखी. मावशी म्हणते, कोणाची तरी दृष्ट लागली, आणि असं म्हणताना माझ्याकडे बघते! दृष्ट कसली, पिकत्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने फुलं अशी मिटतात. केळी, आंबे आणि फुलं एका खोलीत ठेवायचीच नसतात. हे त्या पोरीच्या मैत्रिणीने सांगितलं, सायन्सवाली आहे. मावशीचा चेहरा काय पडला! रडायच्या बेतात. पण आजीने गुलछडीची टोपली ओढली, कात्री मागितली आणि दोन तासांत दोन हार उभे. पांढरे शुभ्र, मधे मधे लाल गुलाब. फोटोत तेच हार सगळ्यांत छान आलेत, बघा तुम्ही.

आता कोनगावच्या विहीणबाईंचं सांगायचं राहिलंच की! त्या आल्या, नाक वर करूनच. आल्या आल्या त्यांना गजरा दिला. नाकाशी नेला, वास घेतला, उलटा करून सोपटाची गाठ बघितली. मग म्हणाल्या, "हा कुठल्या फुलवाल्याचा?" सगळ्या गप्प. नवरीची आई कावरीबावरी. वाटलं, आता निघतंय सगळं. आणि कोण बोललं असेल? कोपरची आत्या! जी रडत होती ना, तीच. पदर खोचून म्हणाली, "आमचाच! घरचा हाय!" विहीणबाई म्हणाल्या, "मग माझ्या धाकट्या सुनेलापन एक द्या." झालं. त्यानंतर आत्या सगळ्या मांडवभर सांगत फिरली, जणू कल्पनाच तिची.

खर्च? चहा, वडे, लोकल, रिक्षा सगळं धरून पंचवीस हजारांच्या आत, वहिनी म्हणाली. पण मी तुम्हाला खरं सांगू? हे पंचवीस हजार मला काही पटत नाहीत. म्हणजे आकडा खोटा नाही. पण रात्रभर बारा-चौदा बायका ओवत बसल्या, कोणाची पाठ गेली, कोणाच्या बोटात सुई घुसली, एकीचं तर दुसऱ्या दिवशी पॉवरलूमवर खाडं झालं. त्यांची मजुरी कोणी लिहिली त्या कागदावर? पोरगी अकाउंट्सवाली, पण ही ओळ तिनेही गाळली. मी हे तिच्या वहिनीला म्हटलं, तर ती म्हणते, "आवडीने बसल्या त्या." बसल्या ना, मी कुठे नाही म्हणते. मजाही आली असेल. आजीने धवले म्हटले, पहाटे तीनपर्यंत हसण्याचा आवाज येत होता आपल्या बेडरूममध्ये. पण पुरुष मंडळी तेव्हा कुठे होती? हळदीला नाचत! फक्त तो धाकटा, बंदीवाला, तेवढा झेंडूची देठं खुडत बसला होता. त्याचं कौतुक वाटलं हो मला.

आणि आता ऐका, हे अगदी कालचं. तो डेकोरेटर परत आला! मला वाटलं, भांडायला. तर नाही. ओट्यावर उभा राहून म्हणाला, "तुळशीचं लग्न लागलं की माझा सीझन सुरू. सोपटात गजरा बांधणारं माणूस हल्ली मिळत नाही. तुमच्यातल्या पाच-सहा जणी येतील का?" आत्या तिथेच होती, अजून कोपरला गेलेलीच नाही ती. म्हणाली, "मजुरी किती?" त्याने काहीतरी चिल्लर आकडा सांगितला. आत्याने आत हाक मारली, "अगो वहिनी, त्या पोरीचा तो कागद आन गं, बिल फोडलेला!" कागद आला. त्यावर त्याच्याच तोंडचं लिहिलेलं, कारागिरांना निम्म्याच्या वर! आत्याने बोट ठेवलं त्या ओळीवर आणि नुसती बघत राहिली त्याच्याकडे. त्याने घाम पुसला, पाणी मागितलं, आणि दर वाढवला की हो!

पाच जणींची नावं झालीत. सहावं मी माझं दिलंय, आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सुई धरता येते ना? मग आजच जाऊन सांगा आत्याला, त्या दुधाच्या पिशवीवाल्या पण विचारत होत्या.